चूक ठाऊक असलेलं घड्याळ

भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथी ठाऊक असली की झालं. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. कोकण किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी माणसांचा हा जुना हिशेब. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरती त्याच्या मागोमाग सरकते आणि पाऊणपटीत ते सगळं बसतं. वीस-पंचवीस मिनिटं इकडची तिकडे झाली तरी होडीचं अडत नाही. ज्या कामाला जेवढी नेमकी वेळ लागते, तेवढी शोधण्याची युक्ती ते काम करणाऱ्यांना सापडलेली असते.

हौसेने आकाश पाहणाऱ्यांचंही तसंच आहे, फक्त त्यांची गरज मिनिटाच्या आणि कधी सेकंदाच्या घरात जाते. आकाशाची नवी गोडी लागलेली मुलं दुर्बिणीबद्दल भरभरून विचारतात. भिंग केवढं, तिपाई कुठली, कुठल्या दुकानात मिळेल. मनगटी घड्याळाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. खिशात फोन आहे, त्यात वेळ आहे, मग घड्याळ कशाला? मला हा प्रश्न मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर आपल्या डोळ्यांत आहे.

उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पूर्ण उघडायला वीस ते तीस मिनिटं लागतात. बाहुली लगेच मोठी होते, पण डोळ्याच्या पडद्यावरच्या मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींना आपलं रसायन पुन्हा साठवायला वेळ लागतो. फोनचा पांढरा पडदा दोन सेकंद पाहिला तरी अंधाराला सरावलेली नजर बिघडते आणि पुन्हा वाट पाहावी लागते. मीरा रोडच्या गच्चीवर आधीच रस्त्यांचे दिवे, दुकानांच्या पाट्या आणि मुंबईचा उजेड आभाळात मिसळलेला असतो. उत्तनला समुद्राकडे तोंड केलं की पश्चिमेचं आभाळ जरा काळं मिळतं. जे थोडं आपल्या वाट्याला आलंय, ते वेळ पाहण्यापायी घालवू नये. मनगटाकडे नुसती नजर टाकली आणि वेळ कळली, डोळ्याला कळलंही नाही, असं घड्याळ हवं.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिल्यांदा तबकडी पाहावी. काळी, मॅट, चकाकी नसलेली. काटे रुंद, तास आणि मिनिटाचा काटा आकाराने वेगळे, म्हणजे अर्धवट झोपेतही गोंधळ होत नाही. सेकंदकाटा बाहेरच्या मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचणारा, आणि रेघेवर थांबणारा. स्वस्त घड्याळांत तो बऱ्याचदा दोन रेघांच्या मधे थांबतो. लग्नकार्यात याने काही बिघडत नाही, निरीक्षणात मात्र प्रत्येक नोंदीला एक शंका चिकटते. आकड्यांवरचा हिरवा लेप, ज्याला आपण अजूनही रेडियम म्हणतो, तो आता किरणोत्सारी नसतो. स्ट्राँशियम ॲल्युमिनेट उजेड पिऊन ठेवतं आणि हळूहळू सोडतं. बॅटरी लावून नुकताच चमकवलेला लेप फार झगझगीत असतो, म्हणून तो संध्याकाळीच उजेडात धरून ठेवावा. दोन-तीन तासांनी त्याचा जो मंद प्रकाश उरतो, तोच आपल्या कामाचा. आकड्यांची डिजिटल घड्याळं घेणाऱ्यांनी दिव्याचं बटण दाबून पाहावं. अख्खा पडदा निळा पेटत असेल तर ते नको. कोपऱ्यात एक लहानसा दिवा असेल तर चालेल.

एचएमटीच्या ‘पायलट’ची काळी तबकडी आणि ठसठशीत आकडे अनेक घरांत अजून सापडतील. जपानच्या सिटिझनशी हातमिळवणी करून १९६१ मध्ये बंगळूरला हा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. रोज चावी द्यायची ‘जनता’ कित्येकांच्या पहिल्या पगारातून घरी आली. २०१६ मध्ये ही घड्याळ कंपनी बंद झाली, पण तिची घड्याळं चालतात, दुरुस्तही होतात. आजोबांच्या कपाटात असं एखादं असेल तर ते साफ करून घ्यावं. मात्र त्याच्याकडून काय मागायचं, हे आधी समजून घ्यावं लागतं.

चावीचं उत्तम घड्याळ दिवसाला चार-सहा सेकंद पुढेमागे जातं. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळवायलाही दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची सूट असते. साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत राहतं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्या कंपांची संख्या पंधरा वेळा निम्मी-निम्मी करत गेलं की नेमका एक ठोका उरतो. तापमानाचा परिणाम भरून काढणारी महागडी क्वार्ट्झ घड्याळं वर्षाला दहा सेकंदांच्या आत असतात. रेडिओ संकेतावर स्वतःला लावून घेणारी घड्याळंही मिळतात, पण ते संकेत जपान, चीन, जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेतून निघतात. या घड्याळांना समजेल असा संकेत पाठवणारं केंद्र भारतात नाही, तेव्हा इथे ती साध्या क्वार्ट्झसारखीच चालतात. उपग्रहावरून वेळ घेणारं घड्याळ इथेही अचूक राहतं, त्याची किंमत मात्र चांगल्या दुर्बिणीच्या घरात जाते.

मला सांगायचं ते इथेच आहे. निरीक्षकाला अचूक घड्याळापेक्षा जास्त गरज आहे ती इमानी घड्याळाची. रोज न चुकता आठ सेकंद पुढे जाणारं घड्याळ उत्तम आहे, कारण त्याची चूक वजा करता येते. आज दोन सेकंद पुढे, उद्या पाच मागे, परवा बरोबर, असं घड्याळ कितीही देखणं असलं तरी कामाचं नाही. गलबतांचे कप्तान याच तत्त्वावर महासागर ओलांडत होते. क्रोनोमीटर रोज किती सरकतो हे बंदरात ठरवून घ्यायचं आणि समुद्रावर ती वजाबाकी करत राहायचं. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली तीही ताऱ्यांचे वेध घेऊन जहाजांसाठी नेमकी वेळ राखायला. पुढे तिची ओळख पाऊस आणि भूचुंबकत्वाशी जोडली गेली, पण तिचं पहिलं काम वेळेचं होतं.

घड्याळाची चाल तपासायला वेधशाळा मात्र लागत नाही. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन नावाच्या इंग्रज सुताराने सागरी क्रोनोमीटर घडवला. त्याआधी तो आपल्या खिडकीच्या चौकटीतून शेजाऱ्याच्या धुराड्याआड जाणारा तारा पाहून आपली घड्याळं पडताळत असे. आपल्याकडे धुराडी नाहीत, पण टॉवर किती तरी आहेत. आकाश अडवतो म्हणून ज्या समोरच्या इमारतीवर आपण रागावतो, तिच्या गच्चीचा कठडा ही एक सरळ, अढळ रेघ आहे.

एप्रिलमधली संध्याकाळ घ्या. रात्री नऊच्या सुमारास व्याध पश्चिमेकडे कललेला असतो. आपण पृथ्वीवर एकोणीस अंशांवर राहतो, त्यामुळे इथे मावळणारे तारे बरेचसे सरळ खाली उतरतात आणि कठड्याची आडवी कड त्यांना छान कापते. गॅलरीच्या ग्रिलला एक जाड पुठ्ठा घट्ट बांधायचा आणि त्याला बारीक भोक पाडायचं. डोळा रोज त्याच भोकाला लागला पाहिजे, कारण इमारत शंभर मीटरवर असेल तर डोळा एक सेंटीमीटर वरखाली झाल्याने साधारण दीड सेकंदाचा फरक पडतो. मग थांबायचं. व्याध लुकलुकतो, हवेच्या थरांत निळा-लाल होतो, कठड्याला टेकतो आणि विझतो. त्या क्षणी घड्याळ पाहायचं. समजा, ९ वाजून १४ मिनिटं २० सेकंद झाले. दुसऱ्या रात्री तोच तारा त्याच कडेआड ३ मिनिटं ५६ सेकंद आधी जाणार, कारण पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी करते. म्हणजे घड्याळात ९:१०:२४ वाजायला हवेत. ९:१०:३२ वाजले असतील तर घड्याळ दिवसाला आठ सेकंद पुढे चाललंय. दहा रात्रींनी तारा ३९ मिनिटं १९ सेकंद लवकर बुडेल आणि घड्याळाची चाल आणखी बारकाईने कळेल. ग्रह या कामाला घेऊ नये, तो स्वतःही सरकत असतो.

हे करताना आपल्या मनगटावरची वेळ कुठून येते तेही उमगतं. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली सीझियम घड्याळं भारतीय प्रमाणवेळ राखतात. ती वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. भाईंदर ७२.८५ अंशांवर, म्हणून इथली स्थानिक वेळ सुमारे ३८ मिनिटं ३६ सेकंद मागे. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २२ मिनिटांनी आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ला. देशाची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईने आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपली होती. जगभरचे निरीक्षक नोंदी जागतिक वेळेत करतात, आणि इथे भारतीय खरेदीदाराने सावध राहायला हवं. दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा जादा काटा असलेली महाग घड्याळं मोह घालतात. पण तो काटा बहुधा पूर्ण तासांनीच सरकतो आणि मिनिटकाटा दोघांना मिळून एकच असतो. आपला फरक साडेपाच तासांचा, तेव्हा तो अर्धा तास मनातच वजा करावा लागतो. डिजिटल घड्याळात जागतिक वेळ वेगळी लावता येते. नाहीतर दुसरं स्वस्त घड्याळ कायमचं जागतिक वेळेवर लावून दुर्बिणीच्या तिपाईला बांधावं.

आपल्या हवेचाही विचार हवा. खाडी आणि समुद्राच्या मधे वसलेल्या मीरा-भाईंदरमध्ये घाम आणि खारट दमट वारा चामड्याच्या पट्ट्याला फार टिकू देत नाहीत. नायलॉनचा किंवा रबराचा पट्टा घ्यावा. पन्नास मीटर पाणीरोधक असं लिहिलेलं घड्याळ दवाला आणि अवचित सरीला पुरेसं. चावीचं घड्याळ स्पीकरजवळ किंवा चुंबकाच्या फोन-कव्हरजवळ ठेवू नये. त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की ते एकदम पुढे पळायला लागतं. चावी रोज ठरल्या वेळी द्यावी, रात्री ते एकाच कुशीवर ठेवावं. एका गोष्टीत मात्र किनाऱ्याची हवा आपल्या बाजूने आहे. क्वार्ट्झची चाल तापमानाबरोबर बदलते, आणि इथे दिवसरात्रीच्या तापमानात देशावर असतं तेवढं अंतर नसतं.

एवढी काटेकोर वेळ कशाला, तर ते काय पाहतो त्यावर आहे. ययातीमधला अलगोल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. त्याचा सर्वांत मंद क्षण काढायला मिनिटाची अचूकता भरपूर झाली. गुरूचा चंद्र आयो ग्रहाच्या सावलीत जाताना काही मिनिटं हळूहळू मालवत जातो. त्याच ग्रहणांच्या वेळा चुकताहेत हे पाहून ओले रोमरने १६७६ मध्ये सांगितलं की प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो. नोव्हेंबरातलं एक ग्रहण दहा मिनिटं उशिरा होईल, हे त्याने आधीच जाहीर केलं होतं. काही मिनिटांची तफावत, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला घड्याळाची चूक त्याहून लहान आहे एवढी खात्री. त्यातून प्रकाशाच्या वेगाचा पहिला अंदाज निघाला. चंद्राआड रोहिणी लपते ते पिधान मात्र क्षणात होतं. चंद्राला हवा नाही, तारा फुंकर मारल्यासारखा जातो. तिथे सेकंदाचा दहावा भाग मोलाचा, आणि आपला मेंदू हाताला हुकूम देईपर्यंतच त्याहून जास्त वेळ जातो. त्यासाठी कॅमेरा लागतो. आपल्या घड्याळाची आणि आपलीही मर्यादा कुठे संपते, हे ठाऊक असणं हा निरीक्षकाचा मोठा गुण आहे.

तेव्हा मीरा रोडच्या एखाद्या मुलीने मला विचारलं, तर मी सांगेन: कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यूपासून सुरुवात कर. १९८९ पासून बनतंय, सेल सात वर्षं जातो, सेकंद आकड्यांत दिसतात. महिन्याला तीस सेकंदांपर्यंत चुकू शकतं, पण किती चुकतं ते तू मोजणार आहेस. पुढे पैसे साठले की काळ्या तबकडीचं एखादं चांगलं क्वार्ट्झ घे. पावसाळ्यात आभाळ बंद असेल तेव्हा दर रविवारी प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळ ताडून फरक वहीत लिही आणि घड्याळ मधेच बरोबर करत बसू नकोस. दसऱ्यापर्यंत तुझ्याकडे त्याच्या स्वभावाची पुरी नोंद असेल.

कारण पुढे आपण एकटे नसतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांत उभं राहिलं आणि वांगणी गावच्या अंधारात त्याने कित्येकांना रात्रभर जागवलं. १३-१४ डिसेंबरला मिथुनेच्या उल्का पडतात, त्या रात्री एक जण उत्तनला बसावा आणि एक वांगणीला. मधलं अंतर सुमारे ६० किलोमीटर, आणि उल्का पेटते शंभरेक किलोमीटर उंचीवर. दोघांनाही तीच ठळक उल्का दिसेल, पण वेगवेगळ्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर. दोघांच्या वहीतली वेळ जुळली, तर ती एकच उल्का होती हे कळेल आणि तिची उंची कागदावर काढता येईल. वेळ जुळली नाही, तर उरतील दोन वेगवेगळ्या माणसांनी पाहिलेल्या दोन सुंदर गोष्टी. घड्याळ निवडताना मी नेहमी त्या दुसऱ्या माणसाचा विचार करतो. माझं मिनिट त्याच्या उपयोगी पडावं, एवढंच माझं मागणं असतं.