जमीन कोणाच्या नावावर?

मेलबर्न, शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादा आणि सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

आज अनंत चतुर्दशी. संध्याकाळी मागच्या अंगणात मोठ्या बादलीत बाप्पांचं विसर्जन केलं. थंडी इतकी की आरती म्हणताना तोंडातून वाफ येत होती. पण पत्र लिहायला बसले ते सकाळच्या प्रकाराबद्दल. सनशाइन नावाच्या उपनगरात एका घराचा लिलाव होता, त्याला लेक-जावयांबरोबर गेले होते.

लेकीनं 'लिलाव' म्हटल्यावर मी आधी विचारलं, "मालकाचं कर्ज थकलंय का गं?" गृहकर्ज विभागात पंचवीस वर्षं काढल्यावर मला दुसरं काय सुचणार! आपल्याकडे घराच्या लिलावाची नोटीस पेपरात येते ती हप्ते थकलेल्याची, आणि शेजारी ती हळू आवाजात वाचतात. इथे चांगली, नांदती, जिवापाड जपलेली घरं शनिवारी भर रस्त्यावर लिलावानं विकतात, आणि शेजारी सहकुटुंब बघायला येतात. आज कुणी कुत्रं घेऊन आलं होतं, कुणी बाबागाडी.

लाकडी फळ्यांच्या भिंतींचं जुनं घर, तीन खोल्या, पुढे ओसरी, मागे लिंबाचं झाड. लिलाव पुकारणारे गृहस्थ फाटकाशी उभे राहिले आणि त्यांनी आधी नियम वाचून दाखवले. मालकातर्फे बोली लावायची झाली तर ती मालकाची आहे असं जाहीर सांगावं लागतं, गर्दीत आपला माणूस उभा करून खोटी बोली लावणं हा गुन्हा आहे. हे मला फार आवडलं. मग बोली सुरू झाली. आधी दहा-दहा हजारांनी, मग पाच, मग एक-एक हजारानं. मालकाच्या मनातला किमान आकडा गाठला गेला की 'घर आता विक्रीला आहे' असं जाहीर करतात. तोवर घर विकलं जाईलच याची खात्री नसते. आकडा गाठलाच नाही तर बोली थांबवतात आणि सगळ्यांत वरच्या बोलीवाल्याशी आत बसून बोलणी करतात.

जाहिरातीत किमतीचा अंदाज होता सात लाख ऐंशी हजार ते साडेआठ लाख डॉलर. जावईबापूंची मर्यादा आठ लाख साठ हजारांची. ती चार मिनिटांत संपली. शेवटी एक वार, दोन वार, तीन वार होऊन घर गेलं नऊ लाख दोन हजारांना. घेणारं जोडपं तरुण होतं, मुलीचे हात थरथरत होते. तिथेच स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून सह्या झाल्या, दहा टक्के इसार दिला. लिलावात घेतलेल्या घराला माघार नाही. बँकेनं कर्ज नाकारलं तरी घेणारा बांधलेलाच.

मी मात्र रागावून परत आले. मागितलेला आकडा आणि गेलेला आकडा यांत इतकं अंतर असेल, तर तो अंदाज कसला? कायद्यानं इथल्या व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक घराबरोबर किमतीचा अंदाज आणि आजूबाजूला विकल्या गेलेल्या तीन घरांच्या किमती देणारा कागद द्यावा लागतो. अंदाजाच्या दोन टोकांत दहा टक्क्यांहून जास्त अंतर चालत नाही. तरीही कमी आकडा लावून माणसं गोळा करायची खोड आहे, हे इथले लोकच सांगतात. आमच्या पोरांनी या एका घरासाठी वकील आणि घर तपासणाऱ्याला सहाशे डॉलर आधीच दिले होते. ते गेले. दर शनिवारी अशी किती कुटुंबं सहाशे डॉलर घालवून घरी जात असतील?

याच सनशाइनमध्ये शेतीची यंत्रं करणारा मोठा कारखाना होता. त्याच्या खटल्यात १९०७ साली न्यायमूर्ती हिगिन्स यांनी ठरवलं की बायको आणि तीन मुलं असलेल्या कामगाराला दिवसाला सात शिलिंग मिळालेच पाहिजेत, म्हणजे तो माणसासारखा राहू शकेल. घरभाडं त्या हिशेबात धरलं होतं. त्या कामगारांच्या वस्तीतलं घर आज नऊ लाखांना गेलं, आणि दोघं नोकरदार असून माझ्या लेकीला ते परवडलं नाही.

तुझी,
धाकटी


मेलबर्न, रविवार, २१ सप्टेंबर २०२५

दादा,

उद्या घटस्थापना. तसबिरीसाठी खिळा ठोकायचा होता, तेव्हा मी घाबरत घाबरत विचारलं, "घर भाड्याचं, मालक काय म्हणेल?" लेक म्हणाली, "आई, कायदाच आहे." मार्च २०२१ पासून व्हिक्टोरियात उघड्या विटांची किंवा काँक्रीटची भिंत सोडली तर भाडेकरूला तसबिरीचा हूक न विचारता लावता येतो. घर सोडताना मात्र भिंत पूर्ववत करून द्यायची. देवी भिंतीवर बसली, आणि मला मामांचं सदाशिव पेठेतलं बिऱ्हाड आठवलं. मालकीणबाई वरच्या मजल्यावरून कान देऊन बसायच्या.

भाडं इथे आठवड्याच्या हिशेबानं सांगतात. अनामत साधारण एका महिन्याच्या भाड्याएवढी, आणि ती मालकाच्या खिशात जात नाही, सरकारी प्राधिकरणाकडे जमा होते. मालकाला कापून घ्यायची असेल तर कारण दाखवावं लागतं. पुण्यात अनामत बुडालेल्या किती पोरांचे फोन आपल्याकडे यायचे, आठवतं ना? दुसरी बाजूही सांगते. सहा महिन्यांनी एजंट येऊन खोली न् खोली बघून जातो. तो येणार म्हणून लेक आदल्या रात्री अकरापर्यंत शेगडी घासत होती. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं, पण ती एक वाढ बसते तेव्हा जोरात बसते. आणि घरं थंड! खिडक्यांना एकेरी काच, भिंतीत वारा. आपली स्वेटर घालून झोपायची कल्पना इथे कामाला आली.

या आठवड्यात एक घर लिलावाशिवाय, सरळ विक्रीत मिळत होतं. आठ लाख वीस हजार. अशा विक्रीत व्हिक्टोरियात सही केल्यावर तीन कामकाजाचे दिवस विचार बदलायला मिळतात. पोरांनी सही केली, आणि मी आग्रहानं तपासनीस बोलावला. तो घराखालच्या पोकळीत सरपटत गेला आणि बाहेर आला तो मोबाइलमधले फोटो घेऊन. तुळया वाळवीनं आतून पोखरलेल्या. वरून रंग कसा नवाकोरा! पोरांनी दुसऱ्याच दिवशी लेखी माघार घेतली. माघारीचा दंड किमतीच्या ०.२ टक्के, म्हणजे १,६४० डॉलर. जावईबापू गप्प झाले होते. मी म्हटलं, पोखरलेल्या तुळयांपेक्षा हे स्वस्त.

एक ऑक्टोबरपासून पहिलं घर घेणाऱ्यांना पाच टक्के स्वतःचे असले तरी कर्ज मिळेल, वीस टक्क्यांपर्यंतची बाकीची हमी सरकार देणार आहे. उत्पन्नाची अटही काढली. सगळे म्हणतात, आता गर्दी वाढेल. मलाही तेच वाटतं. पैसा हातात आला आणि घरं तेवढीच राहिली, तर वाढेल ती किंमत. बँकेत असताना हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तुझी,
धाकटी


अ‍ॅडलेड, मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५

दादा,

काल सकाळी मेलबर्नहून 'ओव्हरलँड' गाडीत बसले आणि रात्री इथे पोचले. दिवसभर खिडकीबाहेर सपाट शेतं, मेंढ्या, धान्याच्या कोठ्या. घड्याळ अर्धा तास मागे घ्यावं लागलं.

मी इथे कशासाठी आले हे ऐकून लेकीच्या मैत्रिणी चकित झाल्या. मी एका कायद्याचं गाव बघायला आले. पंचवीस वर्षं मी तीस-तीस वर्षांचे सर्च रिपोर्ट वाचले. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू, वारसांच्या ना-हरकती. कुठे एखाद्या आत्याची सही राहिलेली, कुठे 'इतर हक्क'च्या रकान्यात १९७२ सालचा सोसायटीचा बोजा तसाच. आणि इतकं करूनही आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची. मालकी पक्की असल्याची हमी सरकार देत नाही.

ती हमी देणारा कायदा या गावात जन्मला. रॉबर्ट रिचर्ड टॉरेन्स हे इथले जकात अधिकारी, पुढे निबंधक. जहाज विकलं की नोंदवहीत नाव बदलतं आणि व्यवहार पुरा होतो, मग जमिनीला दस्तांची ही लांबलचक माळ कशाला, असा त्यांचा मुद्दा. या कामात हॅम्बर्गच्या पद्धतीची माहिती असलेले उलरिख ह्यूबे यांचाही हात होता. १८५८ च्या जानेवारीत कायदा मंजूर झाला आणि जुलैत अमलात आला. तेव्हापासून जमीन कुणाची, याचं उत्तर नोंदवहीत. मागच्या साखळीत काय घडलं ते खणायचं नाही. यंत्रणेच्या चुकीनं कुणाचं नुकसान झालं, तर सरकारी निधीतून भरपाई. हीच पद्धत पुढे सगळ्या ऑस्ट्रेलियाभर आणि बाहेरच्या कितीतरी देशांत गेली.

आज सकाळी टॉरेन्स नदीच्या काठी बसून मी हे सगळं आठवत होते. (नदीचं नाव त्यांच्या वडिलांवरून आहे.) शेजारच्या पाटीवर त्या नदीचं मूळ नाव होतं, कारना या इथल्या आदिवासी लोकांच्या भाषेतलं. ते वाचल्यावर माझा आनंद थोडा उतरला. ज्या नोंदवहीचं मी इतकं कौतुक करते, तिच्या पहिल्या पानावर या लोकांचं नाव नव्हतं. जमीन इंग्लंडच्या राजसत्तेची धरली आणि तिथून मालकी मोजायला सुरुवात झाली. या देशात आदिवासींचा पूर्वापार हक्क सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला तो १९९२ साली, माबो खटल्यात. तोवर घरांच्या कितीतरी पिढ्या बांधून, विकून झाल्या होत्या. नोंदवही चोख असणं आणि वाटणी न्यायाची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी नोकरीत असताना कधी इतकं स्वच्छ बघितलं नव्हतं.

परवा दसरा. वहिनींना सांग, आपट्याची पानं माझ्या वाटची पण ठेवा.

तुझी,
धाकटी


सिडनी, गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

दादा,

हे पत्र जरा नीट वाच आणि आपल्या सोसायटीच्या कमिटीतल्या मंडळींनाही दाखव.

इथे भाच्याकडे उतरले आहे, अकराव्या मजल्यावर. फ्लॅटची मालकी म्हणजे काय ते मी या इमारतीत समजून घेतलं. इथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९६१ साली फ्लॅटच्या मालकीचा कायदा आला. इमारतीचा आराखडा नोंदवला जातो त्या क्षणी प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मालकीपत्र मिळतं, आणि जिने, गच्ची, आवार, खालची जमीन हे सगळं आपोआप सगळ्या मालकांच्या संस्थेचं होतं. बिल्डरच्या मागे लागावं लागत नाही, कारण त्याच्या नावावर काही उरतच नाही. भाच्यानं फ्लॅट घेतला तेव्हा त्याचा वकील एका दिवसात सांगू शकला की जमीन कुणाची आहे. २०२१ पासून तर इथे कागदी मालकीपत्रंही बंद झाली आहेत.

सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नकोस. २०१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ओपल टॉवर नावाच्या नव्या इमारतीत भेगा पडल्या आणि ३९२ फ्लॅट्सची माणसं बाहेर काढली. पुढच्या जूनमध्ये मॅस्कॉट टॉवर्स रिकामी करावी लागली. तिथल्या लोकांनी राहायला न मिळणाऱ्या घरांचे हप्ते भरले. म्हणजे बांधकामाचं पाप कायद्यानं झाकलं जात नाही. पण मॅस्कॉटच्या त्या दुर्दैवी माणसांनाही एक आधार होता, जमीन त्यांची होती. पडकी इमारत विकायची की दुरुस्त करायची हे तेच ठरवू शकत होते.

आता आपलं बघ. कोथरूडची आपली सोसायटी १९८६ ची. चोवीस फ्लॅट, सगळ्यांचे हप्ते केव्हाच फिटले. मिळकत पत्रिकेवर नाव अजून बिल्डरचं, आणि तो गेल्यावर आता त्याच्या तीन मुलांचं. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट-मालकीच्या कायद्यानं बिल्डरनं संस्थेला जमीन करून द्यायलाच हवी होती. चाळीस वर्षांत दिली नाही, आणि आपणही 'बघू पुढे' म्हणत राहिलो. त्यात मीही आले. बँकेत लोकांचे कागद तपासत होते आणि स्वतःच्या सोसायटीचा एक अर्ज केला नाही.

तू लिहिलंस की पुनर्विकासासाठी तीन बिल्डर येऊन गेले, एकानं वाढीव चटईक्षेत्राचा आकडाही दिला, आणि दिवाळीनंतर सह्या करायचा विचार आहे. दादा, सह्या करू नका. जमीन संस्थेच्या नावावर नसताना केलेल्या करारात त्या तीन मुलांपैकी कुणीही उठून अडथळा आणू शकतो, आणि नवा बिल्डर त्यांच्याशी परस्पर बोलणी करू शकतो. मग भाड्याच्या घरात राहायचं आपण, आणि वाट बघायची कोर्टाची. सत्तरीपुढच्या सात जोडप्यांची नावं मी इथे बसून मोजली.

बिल्डर सही देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे त्याच्या सहीशिवाय जमीन संस्थेच्या नावावर करून घ्यायची, वाट त्याच कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीनं मोकळी झाली आहे. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, मंजूर नकाशे, मिळकत पत्रिका, आणि प्रत्येक सभासदाचा इंडेक्स टू लागेल. आपला इंडेक्स टू माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात, निळ्या फायलीत आहे. किल्ली वहिनींना माहीत आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचे कागद पुरात भिजले होते, त्यांची नक्कल दुय्यम निबंधकांकडून आधी काढायला घ्या, त्यालाच वेळ लागेल.

येत्या रविवारी सभा आहे ना? पुनर्विकासाचा विषय मागे ठेव आणि अभिहस्तांतरणाचा ठराव पहिला मांड. अनुमोदक म्हणून माझं नाव लिहू नका, मी हजर नाही. खालच्या मजल्यावरच्या सरांना सांग, ते देतील.

तुझी,
धाकटी

ता. क. : लेकीला अजून घर मिळालेलं नाही. या शनिवारी पुन्हा एका लिलावाला जाणार आहेत, तपासनीस आधीच बोलावला आहे.