पाण्याखालचं काम

आमच्या घरात भरतीची वेळ दोघांना विचारायची पद्धत होती. आजी तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. नानाकाका छापील कोष्टक उघडायचे. दोन्ही उत्तरं जवळपास जुळली की आजी नुसती नानांकडे बघायची. तिचा हिशोब कोकणच्या किनाऱ्यापुरता. नानांना बंदरागणिक नवं कोष्टक लागे. मुंबईला उधाणात पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं, जुबैलला त्याच्या निम्मंही नाही.

बॉम्बे हायला 1974 साली तेल लागलं आणि सिव्हिल शिकलेले नाना समुद्रात उतरले, ते पुन्हा जमिनीवर रमले नाहीत. पुढे सौदीतलं जुबैल. तिथल्या बंदराचं काम ह्युंदाईनं 1976 मध्ये घेतलं आणि दहा मजली इमारतीएवढे पोलादी सांगाडे कोरियातल्या उल्सानला बनवून बार्जवरून थेट आखातात ओढत आणले. नाना तिथे एका पोट-कंत्राटदाराकडे होते, पण ही गोष्ट त्यांनी आम्हाला अशी रंगवून सांगितली, की बरीच वर्षं आम्हाला वाटायचं, दोर त्यांनीच धरला होता.

पत्रं निळ्या एरोग्रामवर यायची, शिळी होऊन. ट्रंककॉल म्हणजे नुसती ओरडाओरड. त्यापेक्षा कॅसेट बरी. आम्ही पाढे, आरत्या, कुणाला किती मार्क पडले हे भरून पाठवायचं आणि त्यांच्याकडून उलटी कॅसेट यायची. एकीत ते आजीला औषधाचं विचारतायत आणि मागे सारखी ठण्... ठण्... पाइल ठोकण्याचं चाललेलं. सुट्टीवर आल्यावर त्यांनी समजावलं: शेवटच्या दहा ठोक्यांत पाइल किती खाली गेला ते मोजायचं, जेमतेम काही मिलिमीटर सरकला, की बसला. मग आम्ही ती कॅसेट लावून ठोके मोजत बसायचो. आजीच्या औषधाचं कुणी ऐकलंच नाही.

एवढं जग फिरून दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. केलेलं बहुतेक काम पाण्याखाली, आणि वरच्या फोटोत नुसता धक्का. म्हणून मरीन ड्राइव्हला गेलो की टेट्रापॉडांवर व्याख्यान ठरलेलं. चार पायांचे हे ठोकळे 1950 साली फ्रान्समध्ये निघाले; लाट त्यांना आपटून परत फिरत नाही, फटींतून शिरून दमते. भेळ मऊ पडायची.

घर मात्र काकूनं चालवलं. आजीचा मोतीबिंदू, आमच्या चुलतभावाची दहावी, बँकेचे हप्ते, आणि वर पेणचं घर बांधणं. नाना आले तेव्हा स्लॅब पडून सुकलेली. त्यांनी बोटांनी भिंत वाजवली, कोपरे न्याहाळले आणि विचारलं, "काँक्रीटचा स्लंप बघितला होतास का?"

"स्लंपबिंप मला ठाऊक नाही," काकू म्हणाली. "एक लहान बादली भरून फळीवर उपडी करायला लावायची. ढीग पसरला, की पाणी जास्त म्हणून तो घाणा परत. गवंडी फार कुरकुरला."

"अगं, तोच स्लंप."

"असेल. तुम्ही तेवढा मोरीतला नळ बघा, परवापासून गळतोय."