दिव्याचा हिशेब



दसरा सरला की आमच्या धाराशिव जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतली अनेक घरे कुलूपबंद होतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि लेकरे घेऊन ट्रकमध्ये चढतात आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचे बिऱ्हाड फडाजवळच्या कोपीत असते. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. लक्षणेचे उदाहरण म्हणून हा शब्द मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. त्या उदाहरणातली माणसे विद्यार्थी म्हणून माझ्यासमोर येऊन बसतील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

काही वर्षांपूर्वी तशा एक विद्यार्थिनी आमच्या अभ्यासकेंद्रात आल्या. वय तिशीच्या आसपास, दोन लेकरांची आई, बी.ए.चे दुसरे वर्ष. पुस्तकांचा संच पिशवीत भरता भरता त्यांनी विचारले, "सर, कोपीत लाइट नसती. दिवस मावळल्यावर वाचावं कसं?" १९८९ साली स्थापन झालेल्या आपल्या मुक्त विद्यापीठाचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. पण घरच ट्रकवर चढून निघाले, तर 'घरोघरी' या शब्दाचा अर्थ कसा लावायचा? मी उत्साहाने म्हणालो, "काळजी करू नका, ताई. सौर दिव्याची सोय मी करतो."

मी बाजारातून १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, १० वॅटची सोलर प्लेट आणि ५ वॅटचा दिवा आणला. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. दिवा रोज तीन तास लावला तर खर्च १५ वॅट-तास. ऊन पडले नाही तरी पाच दिवसांची बेगमी झाली, असा माझा हिशेब होता. प्लेट फुटू नये म्हणून ती मी ट्रकच्या केबिनवर पक्की बसवून दिली.

डिसेंबरात फोन करून विचारले, "ताई, बॅटरी चालू आहे ना?" उत्तर आले, "हाय की सर, चालू हाय." मी निश्चिंत झालो. आपल्या खेड्यापाड्यांत 'बॅटरी' म्हणजे हातातला विजेरी दिवा, हे भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाच्या त्या वेळी ध्यानातही आले नाही. त्या हातातल्या बॅटरीविषयी बोलत होत्या. मी आणलेली बॅटरी केव्हाच निकामी झाली होती.

जानेवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या त्यांच्या फडावर गेलो, तेव्हा माझ्या चुका एकेक करून समोर आल्या. मी ट्रकला घर समजलो होतो. प्रत्यक्षात तो प्रवासापुरताच घर असतो. एकदा कोप्या उभ्या राहिल्या की तो ऊस घेऊन कारखान्यावर जातो आणि रिकामा होण्यासाठी रांगेत उभा राहतो. म्हणजे प्लेट कारखान्याच्या आवारात उन्हात आणि बॅटरी कोपीत, असा प्रकार बहुतेक दिवशी होई. दुसरी चूक त्याहून मोठी होती. ताई संकोचून म्हणाल्या, "दिवा दिसला की समदी फोन घिऊन येत्यात. न्हाई कसं म्हणावं, सर?" टोळीतल्या माणसांची लेकरे, म्हातारे आईबाप गावाकडे राहिलेले असतात, त्यांची खुशाली कळण्याचा मार्ग तो फोनच. मी हिशेब केला होता एका विद्यार्थिनीचा. दिवा मात्र टोळीत लागला होता.

आजचा साधा मोबाइल एकदा पूर्ण भरायला सुमारे २५ वॅट-तास लागतात. चार फोन म्हणजे १००. माझी बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची होती, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू दिली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ती तशीच उतरलेली राहिली तर आतल्या पट्ट्यांवर कठीण सल्फेट साचते आणि ती पुन्हा नीट भरत नाही. म्हणजे वापरायला खरे तर चाळीसच वॅट-तास होते. बॅटरीवर लिहिलेला आकडा आणि हाती लागणारी वीज यांतला हा फरक मी पाहिलाच नव्हता. त्या वर्षी ताईंचे स्वाध्याय उशिरा पोहोचले आणि एक विषय राहिला. त्यांनी मला दोष दिला नाही, म्हणून तो अधिक बोचला.

पुढच्या हंगामाआधी आम्ही दोघांनी मिळून यादी केली. कोणते यंत्र घ्यायचे हा प्रश्न शेवटी ठेवला. आधी रात्रीची गरज लिहिली. दिवा चार तास: २० वॅट-तास. रोज दोन फोन, पाळीपाळीने: ५०. बेरीज ७०, तारांत आणि भरण्या-उतरण्यात वाया जाणारे धरून ९०. त्यावरून १२ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. तिचा व्होल्ट १२.८, म्हणजे साठा सुमारे १५० वॅट-तास आणि त्यातले १२० निर्धास्तपणे वापरता येतात. तेवढ्याच वापरासाठी २० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी लागली असती. तिचे वजन सहा किलोंच्या आसपास, हिचे दीड. किंमत जास्त पडली, पण बिऱ्हाड डोक्यावरून हलवणाऱ्या बाईला वजनाचीही किंमत मोजावी लागते. भरणीचे नियंत्रण करणारा कंट्रोलरही लिथियमला चालणाराच घेतला.

प्लेट ४० वॅटची घेतली आणि ती सुटी ठेवली. आपल्याकडे डिसेंबरअखेर भरदुपारीही सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो. आडव्या प्लेटवर त्या वेळी समोरून मिळाले असते त्याच्या सुमारे तीनचतुर्थांशच ऊन पडते. म्हणून ती दक्षिणेकडे तोंड करून, तिरपी टेकवून ठेवायची आणि फडातली धूळ रोज पुसायची, असे ठरले.

ट्रकच्या बॅटरीवरून तार घेण्याची सूचना टोळीतल्या एकाने केली होती. ती आम्ही मानली नाही. ती बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर हळूहळू उतरण्यासाठी नव्हे. शिवाय पहाटे ट्रक सुरू झाला नाही तर खाडा साऱ्या टोळीचा. बॅटरीच्या धन टोकाजवळच ५ अँपिअरचा फ्यूज मात्र आठवणीने बसवला. कोपी पाचटाची आणि चटयांची असते. तारा एकमेकींना चिकटल्या तर ठिणगीला तेवढे पुरते.

तो दिवा हंगाम संपेपर्यंत चालला. भरणीची ट्रक रात्री कधीही येई, त्यामुळे ताईंच्या वाचनाला ठरलेली वेळ नव्हती. पण वेळ मिळेल तेव्हा उजेड होता. शेजारच्या कोप्यांतली तीन लेकरे त्याच उजेडात पाटी घेऊन बसत. ताईंनी राहिलेला विषय सोडवला.

मित्रहो, तुमच्यापैकी कुणी रात्रपाळी करून, कुणी शेतातल्या वस्तीवर, कुणी घर निजल्यावर ही पुस्तिका वाचत असाल. अभ्यासाचे वेळापत्रक आखताना आम्ही शिक्षक तुम्हाला एकटे धरतो, दिवसाचे तासही आकड्यानुसार मोजतो. तुम्ही तसे करू नका. किती तास आहेत यापेक्षा किती तास खरोखर हाती लागतात ते आधी लिहा. त्यांत वाटेकरी कोण, तेही लिहा. अभ्यासकेंद्रात प्रवेशाच्या दिवशी आता मी प्रत्येकाला विचारतो, "तुमच्या दिव्याखाली आणखी कोण कोण बसते?" उत्तर ऐकल्यावरच स्वाध्यायाच्या तारखांविषयी बोलतो.