आंबोली : एक साप, दोन रंग

ऑगस्टमध्ये आम्ही सावंतवाडीहून आंबोलीला निघालो, तेव्हा मामूंनी दारातच अडवले. "पाऊस बघायला जातात हे ठाऊक आहे, साप बघायला कोण जातो?" त्यांच्या बोलण्यात चूक नव्हती. मागच्या पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या सुपारीच्या बागेत गड्याच्या हाताला साप चावला होता. तपकिरी, डागाडागांचा होता म्हणून सगळ्यांनी फुरसे ठरवले. हात कोपरापर्यंत सुजला, दवाखान्यात लस दिली गेली आणि अल्लाहच्या कृपेने माणूस वाचला. पण आमची भाची डॉक्टर आहे. "ते फुरसेच होते हे कुणी पाहिले?" हा तिचा प्रश्न वर्षभर घरात फिरत होता. ही सहल तिच्याच हट्टाने ठरली.

दाणोली मागे पडली की घाट सुरू होतो आणि दरीतले धुके थेट गाडीत शिरते. धबधब्यापाशी नेहमीची गर्दी होती. भाजलेली कणसे खाऊन आम्ही पुढे सरकलो. इशाची नमाज उरकून, गमबूट चढवून, गावातल्या एका जाणत्या वाटाड्याबरोबर ओढ्याकाठी उतरलो. बेडकांचा इतका कल्लोळ होता की एकमेकांचे बोलणे ऐकू येईना.

पहिला साप दिसला तो कमरेइतक्या उंच फांदीवर. हिरवागार, वेटोळे घालून, मान किंचित मागे ओढून बसलेला. पुतण्या म्हणाला, "हरणटोळ!" वाटाड्याने त्याला दोन पावले मागे घेतले आणि विजेरी सापाच्या डोक्यावर धरली. हरणटोळाचे तोंड लांब, टोकदार असते आणि डोळ्याची बाहुली आडवी. याचे डोके रुंद, तिकोनी, मान बारीक, बाहुली उभी. आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधोमध एक खळगी. नाकपुडी वेगळी, ही वेगळी. या खळगीतल्या पातळ पडद्याला उष्णता जाणवते. काळोखात उंदराच्या अंगाची ऊब साप तिनेच टिपतो. सुबहानल्लाह, आम्ही एवढेच म्हणू शकलो. हा मलबारी चापडा, फक्त सह्याद्रीतच सापडणारा.

थोडे पुढे शेवाळलेल्या दगडावर दुसरा होता. तपकिरी, अंगावर गडद नक्षी. आता मात्र आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "फुरसे!" वाटाड्या हसला. "डोके बघा." तीच खळगी. हाही चापडाच. ही जात हिरवी असते, तपकिरी असते, पिवळसरही असते. फुरशाला ही खळगी नसते, घोणशीलाही नसते. शिवाय फुरसे चिडले की खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. हे महाशय दगडासारखे गप्प होते. (भक्ष्याची वाट पाहत ते दिवसेंदिवस एकाच जागी बसतात म्हणे. आमच्या पुतण्याला पाच मिनिटे जमले नाही.)

या सापाचे शास्त्रीय वर्णन 1854 साली जेर्डन यांनी केले. मद्रासकडे नोकरीला असलेले हे सर्जन पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी जास्त ओळखले जातात. स्पिरिटच्या बरणीत हिरवा साप निळसर पडतो, म्हणून अभ्यासकांनी रंगावर कधी फारसा भरवसा ठेवला नाही. ते खवले मोजत बसले. आता जनुकेही तपासतात. त्यातून अलीकडे याचे ट्रायमेरेसुरस हे जुने कुळनाव बदलून क्रॅस्पेडोसेफॅलस झाले, आणि पालघाट खिंडीच्या दक्षिणेला राहणारे याचे भाऊबंद वेगळी जात ठरले. उच्चारताना जीभ अडखळते, पण नाव बदलले म्हणून साप बदलत नाही.

मुक्कामी परतल्यावर चहा घेताना भाचीने खरी गोष्ट सांगितली. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून तयार होते. चापडा त्यात नाही. त्याच्या दंशाने माणूस क्वचितच दगावतो, पण वेदना आणि सूज भयंकर असते आणि रक्त गोठण्यात बिघाड होऊ शकतो. म्हणून रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवून पाहायचे, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवायचे. लसीलाही काहींच्या अंगावर जोराची रिॲक्शन येते, तेव्हा उपयोग नसताना ती देऊन चालत नाही. "घरच्यांनी काय करावे?" आम्ही विचारले. "हात हलवू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरू नका, लगेच दवाखाना गाठा. सापाचा फोटो सहज मिळाला तर दुरून घ्या. त्याच्या मागे धावू नका."

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीला मामूंनी मोबाइलवरचा तपकिरी साप चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

"असाच होता."

"मामू, डोळ्याजवळ ही खळगी होती का?"

मामूंनी मोबाइल परत दिला. "बेटा, डोके कुठे शिल्लक होते? काठीने पहिले तेच ठेचले."