डावणीचे चाळीस डॉलर

बँकेतल्या माणसाला पैशाचं सगळं कळतं, असा माझ्या सासुरवाडीचा समज आहे. मी गेली एकवीस वर्षं काउंटरवर दुसऱ्यांचे पैसे मोजतो आणि हल्ली तेही मशीनच मोजतं, हे मी तिकडे कधी बोललो नाही. जावयाची थोडी तरी किंमत राहू द्यावी माणसाने.

त्यामुळे मागल्या दिवाळीच्या तोंडावर पिंपळगाव बसवंतहून धाकट्या मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, चाळीस डॉलर म्हणजे किती हो?"

"साडेतीन हजाराच्या आसपास. कोणाला द्यायचेत?"

"द्यायचे नाहीत. डावणी घ्यायचीय."

डावणी हा द्राक्षाचा रोग आहे, विकत घ्यायची वस्तू नव्हे, एवढं मलाही ठाऊक होतं. निफाड तालुक्याचा जावई व्हायचं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तब्येतीआधी डावणीची आणि भुरीची चौकशी करावी लागते. छाटणीनंतर पाऊस लांबला, पानामागे पांढरी बुरशी दिसली, की बघता बघता घड हातचे जातात. मेहुण्याच्या चार फवारण्या झाल्या होत्या, औषधवाल्याची उधारी चढली होती, आणि डावणी मजेत होती. त्या बागेवर कर्ज आहे. कर्जाला जामीन मी आहे. तेव्हा ही डावणी तशी माझ्याही घरची.

हकिकत अशी. तीन वर्षांपूर्वी एका कृषी महाविद्यालयाचे सर मोटारसायकलवरून आले, बागेतली पानं पिशव्यांत भरली, दोनदा चहा घेतला आणि गेले. त्यावरचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आल्याचं मेहुण्याच्या मुलीला मोबाइलवर सापडलं. वरचा सारांश फुकट. त्यात लिहिलं होतं की, या भागातल्या बुरशीवर काही औषधं आता चालेनाशी झाली आहेत. कोणती? ते पैसे भरल्यावर.

"पानं माझी, डावणी माझी, चहा माझा," मेहुणा म्हणाला, "आणि वाचायचे पैसेपण मीच भरू?"

आता, पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांचे सल्ले मराठीत आणि फुकट मिळतात. पण परक्या बागेचा सल्ला आपल्या बागेला लागू पडतो, हे मान्य केलेला बागाईतदार मी अजून पाहिलेला नाही. त्याला त्याच्याच पानांचा निकाल हवा होता.

मी माझं कार्ड काढलं. त्यावर परदेशी व्यवहार बंद. चालू करायला बँकेत अर्ज. अर्ज मीच लिहिला, काउंटरच्या आतून मीच घेतला आणि "दोन दिवस लागतील" असं मीच मला सांगितलं. आमच्या ग्राहकांचा आवाज एवढा का चढतो, ते त्या दिवशी समजलं.

त्या दोन दिवसांत मी या धंद्याचा हिशेब मांडून पाहिला. बी.कॉम.ला एवढंच शिकलो होतो: जो घेतो त्याच्या नावे, जो देतो त्याच्या जमा. पगार दिला कॉलेजने. पानं दिली मेहुण्याने. लेख लिहिला सरांनी, मोबदला शून्य. तो तपासला आणखी दोन प्राध्यापकांनी, मोबदला शून्य. प्रकाशकाने तो मांडून छापला, आणि पुन्हा कॉलेजांच्याच ग्रंथालयांना वर्गणी लावून विकला. असली वही मी साहेबांपुढे नेली असती तर त्यांनी आधी पाणी मागितलं असतं आणि मग ऑडिटर बोलावला असता.

युद्धानंतर हा धंदा ज्यांनी फोफावला, त्यांतला मोठा माणूस रॉबर्ट मॅक्सवेल. १९५१ साली पर्गामन प्रेस हाती घेऊन त्याने नियतकालिकांचा सपाटाच लावला. १९९१ साली ती कंपनी विकली आणि त्याच वर्षी आपल्या बोटीवरून समुद्रात पडून वारला. मागाहून कळलं की, त्याच्या वर्तमानपत्रांतल्या नोकरांच्या पेन्शन फंडातले कोट्यवधी पौंड नाहीसे झाले होते. हे वाचल्यावर मी रात्री साडेअकराला उठून माझा पी. एफ. जागेवर आहे का ते पाहून घेतलं.

लंच अवरमध्ये हा विषय काढला तेव्हा आमचे हेडकॅशियर म्हणाले, "अहो, सरकारने केलंय की ते! वन नेशन, वन सबस्क्रिप्शन."

खरंच केलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळजवळ तेरा हजार नियतकालिकं. मला आनंद झाला. मीही नेशनच आहे. पण ही सोय सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. सरांचं कॉलेज खाजगी, म्हणजे सरांनाच नाही. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर जीएसटी भरणारा मेहुणा तर कुठेच बसत नाही. नेशनमध्ये आम्ही मोडतो, सबस्क्रिप्शनमध्ये मोडत नाही.

"मग ते ओपन अ‍ॅक्सेस काय म्हणतात ते?" हेडकॅशियर म्हणाले. "आपल्या गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठासारखं?"

तसं नव्हे. २००२ साली बुडापेस्टहून काही मंडळींनी जाहीरनामा काढला की, संशोधन इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाचता यावं. प्रकाशकांना ते पटलं. इतकं पटलं की, बऱ्याच ठिकाणी वाचणाऱ्याऐवजी लिहिणाऱ्याकडून पैसे घ्यायला सुरुवात झाली. 'नेचर'ने २०२१ साली हा दर साडेनऊ हजार युरो ठेवला. आमच्या मराठी कवींना यात काही नवल वाटणार नाही. ते पहिल्यापासून स्वतःच्या खर्चाने संग्रह काढतात आणि घरोघरी फुकट पोचवतात. (माझ्याकडे अकरा आहेत. कोणाला हवे असल्यास डॉलर न घेता देईन.)

माझे वडील सार्वजनिक वाचनालयाचे सभासद होते. १८४० सालची संस्था. महिन्याची वर्गणी भरली की कादंबरी असो, ज्योतिष असो, न्या घरी. पहिलं पान फुकट आणि खून कोणी केला त्याचे साडेतीन हजार, असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी कार्ड चालू झालं. मी पाकीट काढतोय तोच सौ. म्हणाली, "ज्यांनी लिहिलंय त्यांनाच मागा ना."

सारांशाखाली सरांचा ई-मेल छापलेला होता. तोही फुकट. मी शाखाधिकाऱ्याला लिहावं तसं "वरील विषयास अनुसरून" पत्र लिहिलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, सोबत अख्खा लेख. सरांनी लिहिलं होतं, "दोन वर्षांत हा लेख मागणारे तुम्ही पहिलेच."

मेहुण्याच्या चार फवारण्यांपैकी दोन त्या न चालणाऱ्या औषधांच्या निघाल्या. त्याने औषध बदललं. अर्धा एकर तोवर गेला होता, बाकीची बाग हाती लागली. लेख मात्र दोन वर्षं तिथेच, कुलपात होता. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि मी अजून जामीन आहे.

फेब्रुवारीत मेहुण्याने एक पेटी आमच्याकडे आणि एक सरांकडे पोचवली. सरांचं पत्र आलं:

"लेखाबद्दल आजवर मिळालेला हा पहिलाच मोबदला. आभारी आहे. ता. क.: लेख तपासणारे दोघे कोण ते मलाही कळवत नाहीत, नाहीतर त्यांनाही चार-चार घड पाठवले असते."