बार्शी लाइटची इंग्लंडमधली धाकटी बहीण

वाचकहो, बार्शी लाइट रेल्वेचे नाव तुम्ही ऐकले असेल. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिने पंढरीची वारीही केली असेल. 1897 साली सुरू झालेल्या या गाडीच्या दोन रुळांतले अंतर होते अवघे अडीच फूट. आता तिथे ब्रॉडगेज आहे. पण या गाडीची एक धाकटी बहीण इंग्लंडात होती. तीही आता नाही. मात्र तिच्या इंजिनाच्या लहान प्रतिकृती तिकडे घरामागच्या बागांत खऱ्या वाफेवर धावतात.

चला, आधी तिचे गाव पाहू. स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नदीचे खोरे आहे. चुनखडीचे डोंगर, दगडी बांधांची हिरवी कुरणे आणि त्यांत चरणाऱ्या गाई. उन्हाळा कोरडा गेला की नदी जमिनीखाली गडप होते आणि पात्रात नुसते धोंडे उरतात. वॉटरहाउसेस ते हुल्म एंड ही सुमारे 13 किलोमीटरची वाट तुम्ही पायी किंवा सायकलने जाऊ शकता. वाटेत एक बोगदा लागतो. तो लागला की कळते, ही वाट म्हणजे जुना लोहमार्गच!

हा मार्ग 1904 साली सुरू झाला. आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची. बार्शी लाइट उभारणारे इंजिनियर तेच. बार्शीला त्यांनी हिशेब घातला होता तो असा : रूळ हलके, म्हणून चाकांच्या कोणत्याही जोडीवर पाच टनांहून जास्त भार नको. भार वाढवायचा तर चाके वाढवा. आधी जमीन, मग रूळ आणि शेवटी इंजिन! इथेही रूळ अडीच फुटी होते. पुढे दोन, मधे सहा आणि मागे चार चाके असलेली दोन इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातून आली. एकाचे नाव कॅलथ्रॉप यांचेच होते.

या गाडीचा खरा पोशिंदा दूध होते. कुरणांवरचे दूध कॅनमधून तिच्यावर चढे. पुढे मोटारलॉरी गोठ्याच्या दारात आली, एक्टनची क्रीमरी बंद पडली, आणि 1934 साली गाडी थांबली. दोन्ही इंजिने भंगारात गेली. आज कॅलथ्रॉपचे इंजिन चालताना पाहायचे असेल तर बागेतल्या प्रतिकृतीतच.

अशा बागेसाठी इंजिन कसे निवडतात, हे ऐकण्यासारखे आहे. तिकडे एका फुटाला 16 मिलिमीटर हे प्रमाण फार चालते. रूळ दोन मापांचे मिळतात : 32 मिलिमीटर आणि 45 मिलिमीटर. 32 चे रूळ दोन फुटी गाडीचे, म्हणजे आपल्या माथेरानच्या जातीचे. अडीच फुटीला हिशेबाने 40 यायला हवेत. पण तयार माल 45 चा, म्हणून बार्शीच्या जातीला तेच जवळचे. रूळ एकदा अंथरले की बदलणे जिकिरीचे. तेव्हा हे आधी ठरवावे.

नंतर वळण पाहावे. बाग लहान, वळण आखूड, तर चार चाकांचे बुटके इंजिन घ्यावे. कॅलथ्रॉपचे लांब इंजिन दिसायला देखणे, पण आखूड वळणावर रुळांवरून उतरते. माथेरानच्या जुन्या इंजिनांची टोकाची चाके बाजूला सरकतील अशी केली होती, ती अशाच वळणांसाठी.

तिसरी गोष्ट चढाची. छोट्या इंजिनात ड्रायव्हर नसतो. चढावर ते दमते आणि उतारावर उधळते. म्हणून रूळ शक्य तितके सपाट ठेवावेत; नाही तर दुरून वाफ कमीजास्त करणारे रेडिओ यंत्र बसवावे लागते.

चौथी गोष्ट जाळाची. बॉयलरखाली उघडा जाळ असला तर वाऱ्याने तो विझतो. बॉयलरच्या आतल्या नळीत गॅस जळत असेल तर वाऱ्याचा त्रास कमी. पाणी क्षार नसलेलेच घालावे, नाही तर आत खर धरते. इंजिन जुने घ्यायचे असेल तर रंग पाहून भुलू नये. बॉयलर तपासल्याचा दाखला मागावा, आणि सेफ्टी व्हॉल्व वेळेवर वाफ सोडतो की नाही, ते समोर चालवून पाहावे. चांगल्या इंजिनाला आपल्याकडच्या दुभत्या म्हशीएवढे पैसे पडतात. म्हैस घेताना तुम्ही धार काढून पाहताच ना?

कॅलथ्रॉप यांच्या चाहत्याची बाग लहान असेल तर त्याने काय करावे? बुटके इंजिन घ्यावे आणि त्याच्यामागे दुधाचे कॅन भरलेली वाघीण जोडावी. त्या खोऱ्यात गाडी आली होती ती दुधासाठीच.