कबिनीकाठचे हत्ती

म्हैसूर सोडून मानंदवाडीच्या रस्त्याला लागले, की एच. डी. कोटेपर्यंतचा भाग फारसा परका वाटत नाही. हँडपोस्टचा नाका आणि पुढे अंतरसंते गाव मागे पडले, की दुकाने विरळ होतात आणि कबिनीचे पाणी दिसू लागते. पाण्याच्या एका अंगाला नागरहोळेचे जंगल, दुसऱ्या अंगाला बंडीपूरचे.

2024च्या एप्रिलमध्ये आम्ही दोन रात्री इथे राहिलो. आई-आप्पांच्या लग्नाला 50 वर्षे झाली म्हणून बेंगळुरूच्या माझ्या भावाने हा घाट घातला होता. माझे माहेर चंदगड तालुक्यातले, सासर धारवाडकडचे. त्यामुळे गाडीत मराठी-कानडीची नेहमीची सरमिसळ. या तालुक्यात कापूस बराच होतो. ड्रायव्हर म्हणाला, "इल्लि हत्ति जास्ति बेळीतारे." आईने त्यातले पहिले तीनच शब्द पकडले आणि खिडकीची काच खाली करून हत्ती शोधू लागली. कानडीत हत्ती म्हणजे कापूस, हे सासूबाईंनी समजावून सांगेपर्यंत गाडी पुढच्या गावात पोचली होती.

रिसॉर्टच्या खोल्या काडु कुरुबांच्या हाडीतल्या झोपड्यांच्या धर्तीवर बांधलेल्या. वर शाकारलेले छप्पर, मातीच्या रंगाच्या भिंती; आत एसी, आणि मागे एका कुटुंबापुरता पोहण्याचा हौद. आपल्याकडचे कुरुबर म्हणजे धनगर. इथले काडु कुरुब आणि जेनु कुरुब निराळे. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिलेले. 'जेनु' म्हणजे मध हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नागरहोळेतून यांतली कितीतरी कुटुंबे बाहेर हलवली गेली. त्यांच्या घराचा आकार तेवढा इथे पाहुण्यांसाठी शिल्लक आहे. व्यवस्था उत्तम होती, जेवणही उत्तम. एका रात्रीचे भाडे किती, हे मात्र आप्पांना कोणी सांगितले नाही.

हत्ती पाहायला संध्याकाळी बोटीतून जायचे. रिसॉर्ट कोणाचेही असो, बोट आणि जीप राज्य सरकारच्या 'जंगल लॉजेस'ची. बीचनहळ्ळीचे धरण 1974 साली झाले आणि नदीकाठचे जंगल पाण्याखाली गेले. वाळलेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्यातून वर आलेले दिसतात. मार्चपासून पाणी ओसरू लागते, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते, आणि आतल्या जंगलातली तळी आटलेली असतात. मग दोन्ही जंगलांतले हत्ती या हिन्नीरुच्या काठी उतरतात. आदल्या वर्षी पाऊस कमी झाल्याने गवताचा पट्टा रुंद होता. आम्ही 43 मोजले आणि सोडून दिले. माद्या, त्यांच्या पायांत घुटमळणारी पिल्ले, बाजूला एकटा सलग. हत्ती सोंडेने गवताचा झुबका उपटतो, पायावर आपटून माती झाडतो आणि मगच तोंडात घालतो. बोटीतली मंडळी फोटोंत गुंतली होती. आप्पा हळूच म्हणाले, "भात पण असंच झाडून खातोय."

बोटीवाल्याने एका दिशेला हात करून सांगितले, तिकडे काकनकोटे. मास्तींच्या नाटकामुळे आणि त्यावरच्या 1977च्या सिनेमामुळे हे नाव सासूबाईंच्या ओळखीचे. इथले खेड्डे प्रसिद्ध होते. ढोल-ताशांच्या आणि जाळाच्या धाकाने हत्तींचा कळप हाकत आणायचा, नदीत घालायचा आणि खोडांच्या भक्कम कुंपणात कोंडायचा. हाकाऱ्यांत आणि माहुतांत जेनु कुरुबच अधिक. शेवटचा खेड्डा 1971 साली झाला. 1968 साली काकनकोटेलाच पकडलेला अर्जुन पुढे म्हैसूरच्या दसऱ्याला 8 वेळा साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी घेऊन चालला. त्याचा मुक्काम इथून जवळच, बळ्ळेच्या हत्ती कॅम्पात असे. डिसेंबर 2023 मध्ये सकलेशपूरकडे रानहत्ती पकडण्याच्या मोहिमेत एका हत्तीशी झालेल्या झुंजीत तो मेला. आम्ही गेलो तेव्हा चार महिने झाले होते, पण बोटीवाला घरातले माणूस गेल्यासारखा बोलत होता.

आप्पांच्या लेखी हत्ती म्हणजे रात्रीचा पाहुणा. दांडेली-हल्याळकडून खानापूरच्या रानातून हत्ती खाली सरकले, 2002 साली दोडामार्गात पोचले, आणि मग आमच्या चंदगडातही दिसू लागले. आजोबांच्या काळी गावात हत्ती फक्त गणपतीच्या रूपात यायचा. त्यामुळे तो आला तर काय करायचे, हे सांगणारे जुने माणूस गावात नाही. फटाके, मशाली, डबे बडवणे, सगळे नव्याने शिकलेले. 2015 साली सिंधुदुर्गात कर्नाटकातले शिकवलेले हत्ती आणून तीन रानहत्ती पकडले. त्यातले दोन पुढे दगावले. आप्पांच्या केळीचे नुकसान झाले, तरी ते दोन मेल्याचे वाचून त्यांनी त्या दिवशी दुपारचे जेवण टाकले होते, हेही सांगायला हवे.

दुसऱ्या दिवशी पहाटेची जीप सोडून आप्पा फाटकाबाहेर फिरायला गेले. सोबत दुभाषा म्हणून माझे यजमान. रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे लगेच शेते, रिकामी, पहिल्या पावसाची वाट पाहणारी. एका झाडावर मचाण दिसले. नाचणी पिकू लागली की रात्ररात्र त्यावर बसून राखण करावी लागते, असे शेतकऱ्याने सांगितले. या जंगलाच्या कडेने खंदक आहेत, सौर तारा आहेत, काही ठिकाणी रेल्वेच्या जुन्या रुळांचे कुंपणही घातले आहे. पोहण्याचे हौद आणि मचाण यांच्यात जेमतेम एका हाकेचे अंतर.

(पुढे 2025च्या नोव्हेंबरात याच भागात वाघाच्या हल्ल्यांत माणसे मेली, तेव्हा सरकारने नागरहोळे आणि बंडीपूरची सफारी थांबवून कर्मचारी गावांकडे वळवले. जाणाऱ्यांनी सफारीची चौकशी आधी करून घ्यावी. हत्तींसाठी एप्रिल-मे चांगला.)

शेतकऱ्याने विचारले, "निम्मल्ली एष्टिवे?"

"चार-पाच," आप्पा म्हणाले.

"अष्टेना?" म्हणून तो हसला. आप्पांना राग आला नाही. नुकसानभरपाई किती महिन्यांनी मिळते, पंचनाम्याला कोण येते, फोटो कोणी काढायचे, हे त्यांनी एकेक विचारून घेतले. दोघांच्या उत्तरांत फारसा फरक निघाला नाही. मग त्याने आप्पांना मचाणावर चढवले आणि हत्ती कोणत्या बाजूने येतो ते दाखवले. नाश्ता 10 वाजता बंद होत होता. आप्पा साडेदहाला परतले, हातात त्याने दिलेल्या बियाण्याच्या नाचणीची पुरचुंडी घेऊन.